सव्वा महिन्याच्या सहा खेपा

दसरा झाला की आमच्या गावातल्या दारांना कुलपं लागायला सुरुवात होते. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, भांडी, सरपण, दोन-चार कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर माणसं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी बारामतीच्या बाजूला, कुणी थेट कर्नाटकात. बीड जिल्ह्यातला बालाघाटाचा हा पट्टा, जमीन मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. निम्मं गाव ऊस तोडायला जातं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की मार्च-एप्रिलात माघारी येतं. मी 2009 पासून या गावची आशा, म्हणजे गावातली आरोग्यसेविका आहे. त्याआधी, लग्न झाल्यावर दोन हंगाम मी स्वतः फडात मोळ्या बांधल्यात. पहाटे अंधारात उठून भाकरी करायच्या आणि दिवसभर ऊस साळून रात्री गाडी भरायची, हे मी ऐकून सांगत नाही.

गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद माझ्या रजिस्टरमध्ये असते. पाळी चुकल्यापासून बाळंतपणापर्यंतच्या तपासण्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, रक्त, वजन, बी.पी. असं सगळं ओळीनं लिहायचं. जी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाते तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द येतो, ‘स्थलांतरित’. पहिली दोन वर्षं मी तो शब्द लिहीत होते आणि पुढच्या नावाकडे वळत होते. त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नव्हतं. ती गेली त्या गावची आशा बघेल, असं मनात असायचं. पण तिथल्या आशाच्या वहीत तर ही बाई नसतेच. कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, गावाबाहेर, शेताच्या कडेला. पंधरा दिवसांनी ऊस संपला की कोपी दुसरीकडे.

2011 च्या जानेवारीत आमच्या गल्लीतली एक बाई बारा दिवसांचं लेकरू घेऊन माघारी आली. फडातच बाळंत झाली होती. टोळीतल्या बायकांनी नाळ कापली आणि पाचव्या दिवशी ती परत मोळ्या बांधायला लागली. मी बघायला गेले तेव्हा बाळ गोधडीत गुंडाळलेलं, तोंडही दिसत नव्हतं. सगळे म्हणाले, शांत आहे बिचारं, त्रास देत नाही, नुसतं झोपतं. मीही गोधडीवरनंच हात फिरवला, “गुणी आहे” म्हणाले आणि चहा पिऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

त्या बाळाचं अंग मी उघडून पाहिलं नव्हतं. न रडणारं, दूध न ओढणारं, सुस्त पडलेलं बाळ म्हणजे गुणी बाळ नव्हे, आजारी बाळ, हे मला तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी सहावं-सातवं मॉड्यूल म्हणून आमचं प्रशिक्षण झालं. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या. दुसऱ्या फेरीत ताईंनी ‘बाळ सुस्त होणं, दूध पिणं कमी होणं, रडणं बारीक होणं किंवा थांबणं’ ही धोक्याची लक्षणं फळ्यावर लिहिली. मी ती वहीत उतरवून घेतली आणि बाहेर जाऊन रडले.

हे शिक्षण आलं कुठून, तेही तिथंच कळलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत 39 गावांत काम केलं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखायच्या, उपचारही करायच्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे 2011 पासून हीच पद्धत देशभर आशांच्या हातात आली. माझ्यासारख्याच बायकांनी हे आधी करून दाखवलंय, ही गोष्ट मला फार बळ देऊन गेली.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. बेचाळीस दिवस म्हणजे आपला सव्वा महिना. हे लक्षात आल्यावर माझं काम निम्मं सोपं झालं. बाळंतिणीनं सव्वा महिना जपायचं असतं, हे गावात कुणाला पटवावं लागत नाही. मी सासवांना सांगायला लागले, “तुमचा सव्वा महिना आहे ना, त्यातच माझ्या सहा खेपा आहेत.” दार उघडायला मग कुणी कुरकुरत नाही. पण कोपीला दारच नसतं आणि फडात सव्वा महिनाही नसतो. तिथं मी कशी पोचणार, हे मात्र कुठल्याच फेरीत आलं नाही.

2022 च्या दसऱ्याला माझ्या वहीत पाच गरोदर बाया होत्या. त्यातल्या चौघी जाणार होत्या. एकीबद्दलच सविस्तर सांगते, कारण तिच्यामुळे माझी कामाची रीत बदलली.

वय एकोणीस, पहिलटकरीण, पाचवा महिना. वजन 41 किलो आणि रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, 7.8. दहाच्या खाली गेलं की आम्हाला काळजी आणि सातच्या खाली गेलं तर थेट दवाखान्यात पाठवायचं. म्हणजे ही काठावर उभी होती. दिवसातून दोन लाल गोळ्या सुरू केल्या. जेवण झाल्यावर घ्यायच्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. तिला थांबवायला मी घरी गेले. तिची सासू घरीच राहणार होती, मोठ्या जावेची लेकरं सांभाळायला. ती म्हणाली, “ताई, मला काय हौस आहे व्हय? उचल घेतलीय दोघांच्या नावानं. कोयता म्हंजी नवरा-बायको. ही न्हाई गेली तर अर्धा कोयता, आन् मुकादम पैसे माघारी मागतोय.” उचलीचे, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे नणंदेच्या लग्नाचं देणं फेडण्यात गेले होते. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. ‘जाऊ नको’ एवढंच सांगून निघून येणं, हे तिच्यावर आणखी एक ओझं टाकण्यासारखं झालं असतं.

मग मी जाण्याचीच तयारी करून दिली. माता बाल संरक्षण कार्ड, म्हणजे आमचं हिरवं-गुलाबी कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या पेटीत सगळ्यात वर ठेवलं. रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या जेवढ्या सिस्टरांकडून मिळाल्या तेवढ्या दिल्या. नवऱ्याला पाच लक्षणं तोंडपाठ करून घेतली: डोकं फार दुखणं, डोळ्यापुढे अंधारी येणं, हातापायावर-तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एक जरी झालं तरी गाडी भरायची राहू द्यायची आणि 108 ला फोन लावायचा. तो मान डोलवत होता. मी त्याला उलटं विचारलं आणि चौथं लक्षण त्याला आठवेना, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

फोनचा दिवस ठरवला. फडात रविवार नसतो, पण आठवड्याच्या बाजाराला मुकादम खर्ची देतो आणि बाया किराणा आणायला गावात जातात. त्या दिवशी संध्याकाळी फोन. पहिले तीन आठवडे आला. चौथ्या आठवड्यात आला नाही, पाचव्यातही नाही.

तेव्हा मी आमच्या गटप्रवर्तक ताईंकडे, म्हणजे आम्हा आशांचं काम बघणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांनी त्यांच्या ओळखीत विचारलं, त्यांनी पुढे विचारलं आणि चार दिवसांनी मला सांगली जिल्ह्यातल्या एका आशाताईंचा नंबर मिळाला. मी कधी न पाहिलेली बाई. मी म्हणाले, “ताई, तुमच्या हद्दीत आमची एक पोरगी आहे, सहावा महिना लागलाय, रक्त कमी आहे.” त्यांच्या वहीत तिचं नाव नव्हतं, तिच्या कामाचा एक रुपया त्यांना मिळणार नव्हता. तरी त्या दुसऱ्या दिवशी दुपारी तळावर गेल्या. तिथल्या दीडशे कोप्यांमधून त्यांनी तिला शोधून काढलं. फोन पाण्यात पडून बंद पडला होता, एवढंच. गोळ्या मात्र बंद केल्या होत्या, मळमळतं म्हणून. त्या तिला घेऊन उपकेंद्रात गेल्या, टीडीचं, म्हणजे धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं. 7.4. म्हणजे उतरलंच होतं. पुढच्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन शिरेतून लोहाची, आयर्न सुक्रोजची इंजेक्शनं सुरू करून घेतली. एका इंजेक्शनसाठी अर्धा दिवस मोडतो. तो खाडा मुकादमानं धरू नये म्हणून त्या ताई स्वतः त्याच्याशी बोलल्या.

खाडा म्हणजे काय, हे ज्यानं कोयता धरला नाही त्याला कळणार नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. पाळी असो, ताप असो, पोटात बाळ असो. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं सर्वेक्षण झालं, तेव्हा मीही घरोघर गेले होते. 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बाया मला सांगत होत्या, “कटकट गेली, खाडा तर पडत न्हाई.” ते वाक्य आठवलं की अजून पोटात तुटतं.

जानेवारीच्या शेवटी ती आठव्या महिन्यात घरी आली. हे सहज झालं नाही. तिच्या नवऱ्यानं उरलेला हंगाम चुलतभावाबरोबर कोयता जोडला, मुकादमाला मी दोनदा आणि सरपंचांनी एकदा फोन केला. “रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कुणाची?” असं मी त्याला सरळ विचारलं, आणि मग तो नरमला. ती एसटीनं दोन गाड्या बदलून आली. रक्त 9.1 झालं होतं. त्या सांगलीच्या ताईंना मी फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्या पलीकडे एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “लई बरं वाटलं.”

तारखेला चार आठवडे बाकी असताना, 8 फेब्रुवारीच्या पहाटे तिला पाणी जायला लागलं. गाडी आली, मी बरोबर गेले, ग्रामीण रुग्णालयात सकाळी अकराला मुलगी झाली. वजन 2 किलो 100 ग्रॅम. अडीचच्या खाली म्हणजे कमी वजनाचं. मुलगी लगेच रडली. अर्ध्या तासात छातीला लावली आणि चीक पाजला. बाळंतपण, औषधं, जेवण, जायची-यायची गाडी, कशालाच पैसे लागले नाहीत. ते नियमानंच फुकट आहे आणि ते मागायला लाजू नये, हे मी प्रत्येकीला आधीच सांगून ठेवते.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि माझी पहिली खेप झाली.

घरात शेगडी पेटलेली, खोली धुरानं भरलेली. बाहेरच्या पोराटोरांची ये-जा. मी हात धुतले, घड्याळ आणि बांगड्या काढून कोपरापर्यंत, आणि हात वाळेपर्यंत थांबले. सासू बघत होती. मग वजनकाटा काढला. झोळी अडकवून आधी काटा शून्यावर आणायचा, मग बाळ झोळीत, काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा. 2 किलो 50 ग्रॅम. पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, ते चालतं. काखेत थर्मामीटर, 97.2. पाय मात्र गार.

मी सासूला म्हणाले, “मावशी, ही शेगडी बाळाला ऊब देतीय, पण धूरही तिच्याच छातीत जातोय. ऊब द्यायला दुसरी शेगडी आहे आपल्याकडं.” आणि बाळाचे कपडे काढून नुसती टोपी, मोजे आणि लंगोट ठेवून तिला आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवलं, वरून लुगडं गुंडाळलं आणि शाल. याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशात बोगोटाच्या एका दवाखान्यात 1970 च्या दशकाच्या शेवटी बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडायला लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आयांनाच पेटी केलं. गरिबीतून निघालेली युक्ती आज श्रीमंत देशांतल्या दवाखान्यांतही वापरतात. अर्ध्या तासानं मी पाय चाचपले. कोमट झाले होते. सासूलाही चाचपायला लावले.

मध चाटवलाय का, बेंबीला काही लावलंय का, गुटी सुरू केलीय का, अंघोळ घातली का, असं सगळं विचारलं. मध चाटवला होता. मी रागावले नाही. रागावलं की पुढच्या वेळी खरं सांगत नाहीत. एवढंच म्हणाले की सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, आणि अंघोळ वजन वाढेपर्यंत नको, पुसून घ्या.

बाळंतिणीलाही तपासायचं असतं, हे घाईत विसरतं. अंगावरून किती जातंय, दिवसात किती कपडे बदलले, घाण वास येतो का, ताप, टाके, छाती दुखते का. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव बाईला काही तासांत नेऊ शकतो. तिचं सगळं ठीक होतं. फक्त ती फार दमलेली होती आणि नवऱ्याचा फोन लागत नाही म्हणून कावरीबावरी झाली होती.

सातवा दिवस 14 फेब्रुवारीला आला. कमी वजनाच्या बाळाकडे मधेच जायचं म्हणून मी पाचव्या दिवशीही डोकावले होते, पण त्या दिवशी पाचवीची पूजा, घर पाहुण्यांनी भरलेलं. बाळ कुणाच्या तरी मांडीवर होतं, वरवर बरं दिसलं. अंग उघडून बघायला हवं होतं, ते मी त्या दिवशी केलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी साडेआठला गेले तर सासू दारातच म्हणाली, “आज निवांत हाय लेकरू. रात्रभर उठलं न्हाई.” माझ्या अंगावर काटा आला. बारा वर्षांपूर्वीची ती गोधडी डोळ्यापुढे उभी राहिली.

वजन 1 किलो 950. सातव्या दिवशी चढायला लागायला हवं होतं. ताप 96.4, म्हणजे अंग गारच. झबलं वर केलं आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. बाळाचा श्वास एकसारखा नसतो. थांबतो, भरभर चालतो, परत थांबतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, पूर्ण मिनिट द्यायचं. 68. साठ किंवा जास्त आले तर परत मोजायचं असतं. परत मोजले. 66. छातीला बारीक खळी पडत होती.

“न्यावं लागंल,” मी म्हणाले.

सासू म्हणाली, “वारं लागलंय, दुसरं काय? ओव्याची धुरी देते. पोराचा बाप तिकडं, सासरे रानात. कुणाला इचारून नेऊ?”

मला प्रशिक्षणातले तीन उशीर आठवत होते. घरात ठरवायला होणारा, वाटेत होणारा आणि दवाखान्यात पोचल्यावर होणारा. पहिला माझ्यासमोर चालू होता आणि मी बोलून तो वाढवत होते. मग मला एक सुचलं. या बाईनं पंचवीस हंगाम कोयता धरलाय. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण गाडीत किती मोळ्या गेल्या हे ती अंधारात, डोक्यावर मोळी असताना, विसा-विसानं मोजायची. मुकादमाचा हिशेब चुकला तर हिचा चुकत नसे.

“मावशी,” मी म्हणाले, “तुम्हीच मोजा. तिचं पोट एकदा वर आलं की एक मोळी. मी हात वर केला की थांबायचं. तीन विसांच्या आत राहिलं तर मी गप घरी जाते.”

ती बाळाजवळ वाकून बसली. बोटांची पेरं दाबत, ओठ हलवत मोजायला लागली. एक वीस. दोन वीस. मी घड्याळ बघत होते आणि सूनबाई आमच्या दोघींकडे. तीन वीस झाल्या तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. माझा हात खालीच होता. ती मोजतच राहिली. मी हात वर केला तेव्हा ती तीन विसा आणि सातवर होती.

काही बोलली नाही. उठली, पेटीतून कार्डाची पिशवी काढली आणि सुनेला म्हणाली, “चल गं.”

आठ चाळीसला मोजणी झाली होती, नऊ वाजता 108 ला फोन गेला, दहाच्या आत गाडी आली. वाटेत बाळ आईच्या छातीशीच बांधलेलं. मी दर थोड्या वेळानं पाय चाचपत होते. पहिल्या दवाखान्यात बाळांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, हे कळायला आणि पुढे न्यायची चिठ्ठी मिळायला पाऊण तास गेला. मी भांडले. भांडून चिठ्ठी लवकर मिळाली असेल असं नाही, पण मला गप्प बसवलं नाही. दुपारी एकच्या सुमारास बाळ मोठ्या दवाखान्यातल्या नवजात अतिदक्षता कक्षात, ज्याला आम्ही एसएनसीयू म्हणतो, तिथं पोचलं. जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

नऊ दिवस ती तिथं होती. चौदाव्या दिवसाची माझी खेप दवाखान्याच्या ओसरीतच झाली. सासू दोन्ही वेळा डबा घेऊन यायची आणि कक्षाच्या काचेतून नातीचं पोट बघत उभी राहायची. शेजारच्या बाळांच्या आज्यांनाही तिनं मोजायला शिकवलं, हे मला नर्सताईंनी सांगितलं.

पुढच्या खेपा शांतपणे झाल्या. एकविसाव्या दिवशी 2 किलो 150, अठ्ठाविसाव्या दिवशी 2 किलो 350. बेचाळिसावा दिवस पाडव्याच्या आदल्या दिवशी आला, वजन 2 किलो 800. त्याच्या पुढच्या आठवड्यात लसी झाल्या. त्याच सुमारास पट्टा पडून तिचा बाप आला आणि त्यानं लेक पहिल्यांदा हातात घेतली. सहा भेटींचे मला 250 रुपये मिळतात. त्याला अटी आहेत: वजनाची नोंद हवी, जन्माची नोंदणी हवी, लसी हव्यात आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघं सुखरूप हवीत. फॉर्मवर त्या शेवटच्या ओळीपुढे खूण करताना माझा हात थोडा थांबला.

आढावा बैठकीत आम्हाला आकडे सांगतात. महाराष्ट्रात लाख जन्मांमागे दगावणाऱ्या माता 2014-16 मध्ये 61 होत्या, 2018-20 मध्ये 33 झाल्या. मला ते खरं वाटतं, कारण माझ्या गावात घरी बाळंतपण आता जवळजवळ होतच नाही. पण ही सगळी व्यवस्था घरी राहणाऱ्या बाईसाठी बांधलेली आहे. सहा महिने जिचं घर म्हणजे उसाचं पाचट टाकलेली कोपी, तिच्यासाठी दोन्ही टोकांना एकेक आशा आणि मधे एक फोन लागतो. नंबर शोधायला मला चार दिवस लागले. तो कार्डावर आधीच छापलेला का असू नये? ज्या तळावर दीडशे कोप्या पडतात, त्या तळाची नोंद तिथल्या आशाच्या वहीत का असू नये, आणि तिच्या खेपेचे पैसे तिला का मिळू नयेत? मी हे बैठकीत दोनदा बोलले आहे. बोलत राहीन.

त्या पोरीच्या घरची उचल फिटली नाही, बाकी अंगावर राहिली. 2023 च्या दसऱ्याला ते पुन्हा निघाले, आता आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन. नवव्या महिन्याची लस तिकडेच पडणार होती. ट्रॉली निघायच्या आधी सासूनं मला थांबवलं आणि कार्डाची पिशवी उघडून दाखवली. आत सांगलीच्या ताईंचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, माझ्या हातची, गेल्या वर्षीची. तिनं ती जपून ठेवली होती.

त्या दसऱ्याला माझ्या वहीत सहा गरोदर बाया होत्या, पाच जाणार होत्या. ‘स्थलांतरित’ या शब्दाच्या शेजारी मी आता पेन्सिलीनं एक रकाना आखलाय. चौघींपुढे त्यात फोन नंबर आहे. पाचवी कर्नाटकातल्या कारखान्याला गेली, सातवा महिना, रक्त 8.6. तिथल्या आशाताईंचा नंबर दोघीतिघींना विचारून झालाय. उद्या गटप्रवर्तक ताईंकडे परत जाणार आहे.